अंगठ्याची जागा

टायपिस्टताईंना कुणी "तुम्हाला कायदा कळत नाही" असं म्हटलं असतं, तर त्यांनी त्या माणसाकडे चष्म्यावरून नुसतं पाहिलं असतं आणि टायपिंग पुढे चालू ठेवलं असतं. कोर्टासमोरच्या त्या दोन खोल्यांच्या वकिली ऑफिसात, खिडकीला पाठ करून ठेवलेल्या टेबलाशी, त्यांची एकवीस वर्षं गेली होती. अर्ज, कैफियती, शपथपत्रं, नोटिसा, मुखत्यारपत्रं, सगळं त्यांच्या बोटांखालून गेलेलं. नव्याने सनद घेतलेले वकील दारातून डोकं आत घालून विचारत, "ताई, या अर्जाला शपथपत्र वेगळं लागतं का हो?" आणि ताई बोटं न थांबवता सांगत, "लागतं. आणि तारीख आजची टाका, मागच्या वेळी विसरला होतात."

तर अशा या ताई गेल्या वर्षी कायद्याच्या प्रवेशपरीक्षेत चार गुणांनी आपटल्या. त्याही कशात, तर कायद्यात. सामान्यज्ञान उत्तम, भाषा उत्तम, आकृत्यांचे ते डोकं फिरवणारे प्रश्नसुद्धा बऱ्यापैकी. कायद्याच्या तीस प्रश्नांतले अकरा मात्र चुकले. ऑफिसात ज्यांना हे ठाऊक होतं ते हसले नाहीत, हे खरं, पण हसू आवरताना माणसाचा चेहरा कसा होतो ते ताईंना चांगलं कळत होतं.

त्या भागाची तऱ्हाच तशी असते. वर एक नियम छापलेला, खाली एक प्रसंग. नियम शहाणा असो की येडचाप, तो जसाच्या तसा प्रसंगाला लावायचा आणि चारांतलं एक उत्तर निवडायचं. बाहेरचं ज्ञान आणायचं नाही. जो कोर्टाची पायरी कधी चढला नाही त्याला हे सोपं जातं. ताई प्रसंग वाचायच्या आणि त्यांना त्यातली माणसं दिसायला लागायची. मग "असं होत नसतं" म्हणत त्या भलत्याच उत्तरावर बोट ठेवायच्या.

यंदा तसं होऊन चालणार नव्हतं. मोठे साहेब वर्षअखेरीला वकिली थांबवणार होते. ऑफिस त्यांची मुलगी चालवणार होती, आणि या धाकट्या मॅडम संगणकाशी नुसतं बोलायच्या, तो आपला आपण लिहायचा. "ताई, तुम्ही तर आहातच," असं मॅडम म्हणाल्या होत्या, आणि मनापासून म्हणाल्या होत्या. पण खिडकीकडे पाठ केलेल्या त्या टेबलाचं आता काम उरलं नव्हतं, हे दोघींनाही दिसत होतं. वय त्रेचाळीस. यंदा प्रवेश हुकला तर पुन्हा बसायची हिंमत राहणार नाही, हे ताईंनी स्वतःशी कबूल केलं होतं. नवऱ्याला त्यांनी परीक्षेचं कारण हे कामाचंच सांगितलं होतं. खरं कारण वेगळं होतं, आणि ते त्यांनी अजून कुणालाच सांगितलेलं नव्हतं.

परीक्षेच्या आदल्या दिवशी दुपारी कोर्टाला सुट्टी होती. धाकट्या मॅडम मुद्दाम ऑफिसात आल्या, खुर्ची ओढून ताईंच्या समोर बसल्या आणि त्यांनी शेवटचा सराव सुरू केला. एकेकाळी याच मॅडम शाळा सुटली की ताईंच्या टेबलाखाली बसून कार्बन पेपरने हात काळे करायच्या. तेव्हा ताई त्यांना कान धरून हात धुवायला न्यायच्या. आता कान धरायची पाळी मॅडमची होती.

"नियम ऐका," मॅडम म्हणाल्या. "कागदावर स्वतःच्या हाताने सही किंवा अंगठा करणारा माणूस त्यातल्या मजकुराला बांधील असतो. वाचला नव्हता, ही सबब चालत नाही. आता प्रसंग. एक बाई, लिहिता-वाचता न येणारी. घरातला आपला हिस्सा सोडत असल्याच्या कागदावर अंगठा देते. तिला वाटतं, कागद दुसऱ्याच कामाचा आहे. ती बांधील आहे का?"

"नाही," ताई म्हणाल्या.

"ताई."

"नाही म्हणजे नाही. फसवून घेतलेला अंगठा आहे तो. असल्या कागदाला कोर्टात कुणी उभं करणार नाही."

"कोर्टात नाही करणार. पण नियमात फसवणुकीचा शब्द आहे का कुठे? नाही ना? मग उत्तर 'आहे'. पुन्हा तेच करताय तुम्ही. तुम्हाला न्याय करायला नाही बसवलेलं तिथे, प्रश्न सोडवायला बसवलंय." मॅडमचा आवाज चढला आणि लगेच खाली आला. "असे सात चुकले आज. मागच्या आठवड्यात पाच होते. तुम्ही मागे मागे का जाताय?"

ताईंनी बाटलीतल्या पाण्याचा घोट घेतला, टोपण लावलं, पुन्हा काढलं, पुन्हा लावलं. मग टेबलाच्या कडेकडे बोट दाखवून म्हणाल्या, "इथे उभी होती ती."

"कोण?"

"तीच. तुमच्या प्रश्नातली."

आणि मग पंधरा वर्षं पोटात ठेवलेलं ताईंनी सांगून टाकलं. मोठे साहेब तेव्हा कोर्टात होते. दोन भाऊ बहिणीला घेऊन आले. मजकूर बाहेरून लिहून आणलेला, फक्त टाइप करायचा. ताईंनी टाइप केला. हक्क सोडल्याचा कागद होता, सरळ सरळ. टाइप झाल्यावर त्यांच्या नेहमीच्या पद्धतीप्रमाणे सहीच्या जागी पेन्सिलने बारीकशी फुली मारली. बाईने कागदाकडे पाहिलं, मग ताईंकडे पाहिलं आणि विचारलं, "बाई, यात काय लिहिलंय हो?" थोरला भाऊ मध्येच म्हणाला, "काही नाही गं, नळाच्या जोडणीचंच आहे."

"मला माहीत होतं नळाचं नाही ते," ताई म्हणाल्या. "पण मला शिकवलेलं काय, तर टायपिस्टने मजकूर उतरवायचा, मजकुरात पडायचं नाही. मी गप्प बसले. तिला अंगठा नीट देता येईना, शाई फिसकटत होती. म्हणून मीच तिचा अंगठा धरला आणि फुलीवर दाबला. नंतर फडक्याने पुसूनही दिला. ती मला 'बरं झालं' म्हणाली."

मॅडम टेबलाच्या त्या कडेकडे बघत होत्या.

"दोन वर्षांनी परत आली. भावांनी घराबाहेर काढलं होतं. साहेबांनी कागद पाहिला, म्हणाले, आता कठीण आहे. जाताना इथे थांबली आणि म्हणाली, 'बाई, तुम्ही तर होतात ना तेव्हा.' एवढंच. पुन्हा कधी आली नाही."

"बाबांना माहीत होतं? कागद कसा झाला ते?"

"त्यांनी विचारलं नाही. मी सांगितलं नाही."

मॅडमनी प्रश्नांचा गठ्ठा बंद केला. मग म्हणाल्या, "ताई, हे उद्या तिथे नेऊ नका. नेलंत तर उद्याही हेच होणार." आणि उठताना त्यांनी ताईंच्या खांद्यावर हात ठेवला. हात जड लागला ताईंना. आपण या पोरीच्या नजरेतून उतरलो, असं त्यांना वाटलं. ते खरं होतं की नाही, हे विचारायचं धैर्य त्यांना झालं नाही.

सकाळी घरात नवऱ्याने वेगळाच गोंधळ घातला. तो एका गॅरेजात पाण्याचे पंप दुरुस्त करायचा, आणि कुठल्याही बिघाडावर त्याचा एकच इलाज होता, सगळं उलगडून पुन्हा जोडायचं. त्याने ताईंची पिशवी तीनदा उलगडली. दोन पेनं, पाणी, ओळखपत्र, रुमाल. "वकीलसाहेब, हॉल तिकीट?" त्याने हाक मारली.

"अजून वकील झालेले नाही. नका ना तसं म्हणू."

"होणार म्हणून म्हणतो."

"नाही झाले तर तुम्हीच हसाल."

"मी कशाला हसू? मी गॅरेजात सगळ्यांना सांगून बसलोय, हसणार तेच," तो म्हणाला, आणि हे आपण धीर देण्यासाठी म्हणालो अशी त्याची प्रामाणिक समजूत होती. ताईंना चहा जाईना. त्या उभ्या उभ्या दोन घोट घेऊन निघाल्या.

हॉल तिकीट मात्र बघण्यासारखं होतं. त्यांनी ते लॅमिनेट करून घेतलं होतं. एकवीस वर्षं त्या हेच करत आल्या होत्या. महत्त्वाचा कागद म्हणजे प्लास्टिकात, पाणी नको, डाग नको, घडी नको. मूळ खरेदीखत असो की जन्माचा दाखला, पक्षकाराला त्या हेच बजावायच्या. आता हॉल तिकिटावर पर्यवेक्षकाची सही आणि उमेदवाराचा अंगठा लागतो, हे त्याच तिकिटावर खाली बारीक अक्षरांत लिहिलेलं होतं. इतरांचे कागद डोळ्यांत तेल घालून तपासणाऱ्या ताईंनी स्वतःचा कागद वाचला नव्हता.

परीक्षा केंद्राच्या दाराशी टेबल टाकून एक तरुण पर्यवेक्षिका बसली होती. रांग लांब होती. रांगेतली बाकी पोरं ताईंच्या निम्म्या वयाची होती. मागच्या मुलीने तर आधी विचारलंही, "काकू, तुम्ही कुणाला सोडायला आलात?" ताई म्हणाल्या, "मलाच." ती मुलगी ओशाळली, आणि ताईंना तिचीच दया आली.

पर्यवेक्षिकेने तिकीट हातात घेतलं आणि कपाळाला हात लावला. "अहो, हे प्लास्टिकात कुणी घालायला सांगितलं? यावर शाई कशी धरणार?"

एक वर्ष, पहाटेचे अभ्यास, मॅडमच्या दुपारी, सगळं त्या चकचकीत तुकड्यावर येऊन थांबलं होतं. "माझ्याकडे प्रती आहेत," ताई म्हणाल्या. "तीन आहेत."

"प्रत चालते. पण मग वेगळं हमीपत्र द्यावं लागेल." तिने खालच्या गठ्ठ्यातून एक छापील कागद ओढला, तळाशी पेनाने झरकन फुली मारली, शाईचं पॅड पुढे केलं, आणि घाईघाईत ताईंचा अंगठा स्वतःच धरून पॅडवर दाबला. "हं, इथे द्या."

अंगठा कागदापासून दोन बोटांवर असताना ताईंनी हात आखडला.

"यात काय लिहिलंय?"

"काही नसतं हो त्यात. हॉल तिकिटाचंच आहे."

ताई तिच्याकडे बघत राहिल्या. वाईट नव्हती बिचारी. दमलेली होती, रांग संपवायची होती, आणि कागद तर रोजचाच होता. ताईंना तिच्या जागी स्वतःला बघायला अजिबात कष्ट पडले नाहीत.

"मला वाचू द्या," त्या म्हणाल्या.

"अहो मॅडम, रांग बघा मागे."

"वाचल्याशिवाय नाही देणार."

मागून कुणीतरी चुकचुकलं. ताईंनी काळा अंगठा उंच धरून डाव्या हाताने कागद उचलला आणि पहिल्या ओळीपासून वाचायला घेतला. अकरा ओळी होत्या. प्रत आपली असल्याचं, माहिती खरी असल्याचं, खोटी निघाल्यास प्रवेश रद्द होणार असल्याचं. खरोखरच काही नव्हतं त्यात. वाचून झाल्यावर त्यांनी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. वाचायला घेतलं तेव्हा नऊ वाजून सव्वीस झाले होते, आता सत्तावीस. मग त्यांनी कुणाच्या मदतीशिवाय फुलीवर अंगठा दिला.

आत त्या संगणकासमोर बसल्या. सामान्यज्ञान झालं, भाषा झाली, आकृत्या झाल्या. मग कायदा आला. पहिला प्रसंग शेजाऱ्याचं कुंपण तोडणाऱ्या बैलाचा होता. सवयीप्रमाणे ताईंना बैलाचा मालक दिसायला लागला, गरीब, घाबरलेला. त्यांनी डोळे मिटले. गेल्या वर्षी अकरा ठिकाणी आपण काय केलं हे त्यांना तेव्हा लख्ख समजलं. प्रत्येक प्रसंगात त्या त्याच एका बाईला सोडवत बसल्या होत्या. पडद्यावरच्या गोळ्यावर टिचकी मारून ती काही सुटत नव्हती. घराबाहेर काढलेली ती बाहेरच होती. त्यांनी डोळे उघडले, नियम वाचला, नियमात होतं तेच उत्तर दिलं आणि पुढे गेल्या. तीसच्या तीस. एकदाही वाद घातला नाही, आणि त्याचं त्यांना कुठेतरी भयही वाटलं.

बाहेर नवरा फाटकाशी उभा होता, गॅरेजच्याच कपड्यांत. ताईंचा चेहरा बघून त्याने काय ते ओळखलं, म्हणजे चुकीचंच ओळखलं. "असू दे," तो म्हणाला. "नाही तर नाही. काही अडत नाही आपलं."

"पेपर चांगला गेला," ताई म्हणाल्या. "होईल यंदा." आणि फाटकाशेजारच्या पायरीवर बसून रडायला लागल्या.

तो गांगरला. खिशातून तेलकट फडकं काढून त्याने त्यांचा शाईचा अंगठा पुसायला घेतला, कारण त्या क्षणी त्याला दुरुस्त करता येण्याजोगं तेवढंच दिसत होतं. ताईंनी हात मागे घेतला.

"एक मिनिट लागलं हो वाचायला," त्या म्हणाल्या. "एकच मिनिट."

"कुठला प्रश्न?"

"प्रश्न नाही. बसा इथे. तुम्हाला एक सांगायचंय." तो शेजारी टेकला, आणि ताईंनी ऑफिसातल्या त्या टेबलापासून सुरुवात केली.