येथे वाक्य देऊ नये

डिसेंबर, दुसरा शनिवार, दुपारी चार. शाळेचा हॉल, खालापूर. हजर: सहा विद्यार्थी, पेटीवाले काका, मी. गैरहजर: राजाचं काम करणारा (खोपोलीहून येणारी एसटी चुकली). प्रयोग उद्या, कर्जतला.

तालमीची वही मी अशीच लिहिते. ही सवय कर्जतच्या आमच्या सरांची. कॉलेजात असताना ते आम्हाला नाटक शिकवायचे. माझी टापटीप बघून त्यांनी मला प्रॉम्प्टर म्हणून विंगेत बसवलं. पुस्तक मांडीवर, बोट ओळीवर, नट अडला की हळूच पुढचं वाक्य द्यायचं. नटांना पूर्ण नाटक मिळत नसे. प्रत्येकाने आपापली नक्कल हाताने उतरवायची: आपली वाक्यं, आणि त्याआधीचे समोरच्याचे शेवटचे दोन-तीन शब्द. आजही मी मुलांकडून नकला उतरवून घेते. "बाई, फोटो काढला असता की," अशी कुरकुर होते. हात दुखला की वाक्य डोक्यात बसतं, एवढंच मी सांगते.

उद्याच्या तीन जुन्या प्रवेशांतला शेवटचा आईचा आहे. मुलगा लढाईवर निघालाय. तो उंबऱ्यात पाया पडतो, आणि आई "जा" म्हणते.

कॉलेजात हा प्रवेश माझी मैत्रीण करायची. तालीम संपली की आम्ही दोघी कर्जत स्टेशनबाहेर वडापाव घ्यायचो आणि ती चालता चालता सगळा प्रवेश म्हणून दाखवायची. लोक वळून बघायचे. मला हसू आलं की दटावायची, "आई रडत्येय आणि तू हसतेस? लाज नाही वाटत?" तोंडात वडा तसाच.

प्रयोगाच्या दिवशी मुलगा पाया पडला आणि ती थांबली. तालमीत कधी थांबली नव्हती. मी वाक्य दिलं. ती गप्प. मी पुन्हा दिलं, जरा मोठ्याने, आणि ते माइकने पकडलं. मागून कोणीतरी ओरडलं, "अगं, जाऊ दे की त्याला!" सगळा मांडव हसला. पडदा पडल्यावर सर तिला म्हणाले, "पाठांतर कच्चं." ती म्हणाली, "सर, मी विसरले नव्हते."

ते खरं होतं. दुसऱ्यांदा वाक्य देण्याआधी मी मान वर केली होती, विंगेतून तिचा चेहरा बघितला होता. शब्द तिच्या ओठांवर होता. पोराला सोडवत नव्हतं, म्हणून ती थांबली होती. हे सरांना सांगू शकणारी मी एकटीच होते. मी सामानाची यादी तपासत राहिले. पुढच्या वर्षी ती तालमीला आली नाही, आणि नंतर कधीच नाही.

आज आईचं काम करणारी मुलगी डोंगराखालच्या गावातली, सकाळी भाताची झोडणी आटपून आलेली. मुलगा पाया पडला. ती थांबली. पुस्तकात तिथे थांबण्याबद्दल काहीच लिहिलेलं नाही. माझं तोंड उघडलं.

"बाई, द्या ना वाक्य," वाकलेला मुलगाच बोलला. "माझी कंबर मोडली."

"गप रं," मान न वळवता ती म्हणाली. "येतंय मला."

मी तोंड मिटलं. काकांनी पेटीचा भाता सोडला. बाहेर एसटीचा हॉर्न वाजून गेला. मग ती "जा" म्हणाली. मुलगा उठला तो कंबर विसरूनच.

"बाई, चुकलं का? उद्या नको थांबू?"

"थांब," मी म्हटलं. "वाटेल तितकी थांब. मी वाक्य देणार नाही."

पुस्तकात त्या ओळीपाशी मी लिहिलं: आई थांबते. येथे वाक्य देऊ नये. पेन्सिलीने नाही, पेनाने.

सर आता नाहीत. मैत्रीण शेलूला नव्या इमारतीत राहते. हळदीकुंकवाला भेटतो, गुडघ्यांपासून मुलांच्या नोकऱ्यांपर्यंत सगळं बोलतो. नाटकाचा विषय ती काढत नाही, मीही नाही.

उद्याची यादी: शाल. तलवारीचं म्यान शिवणे. काकांसाठी चटई. राजाला सकाळी लवकर उठवणे, त्याच्या आईला सांगितलंय. चारही कामांपुढे खुणा झाल्या.

पाचवं, शेलूला फोन: प्रयोगाला ये, आणि तू विसरली नव्हतीस हे मला तेव्हाच माहीत होतं. गेल्या तीन प्रयोगांच्या याद्यांमध्येही हे आहे. खूण अजून नाही.