धाकट्या कुडूची दाढी

गुरुवारी सकाळी अकरा वाजता कुंभिवलीच्या आमच्या वर्कशॉपमधून फायबरची दोन आफ्रिकन हरणं टेंपोने कर्जतच्या एका रिसॉर्टला गेली. साडेतीनला त्यातलं एक परत आलं.

साचे मी बनवतो. ऑर्डरमध्ये लिहिलं होतं : ग्रेटर कुडू एक, लेसर कुडू एक. आम्ही मोठ्याचे फोटो पाहून साचा केला आणि तीच मापं कमी करून छोट्याचा. मी मूळचा गणपतीच्या कारखान्यातला. तिथे तीन फुटी, दोन फुटी मूर्ती अशाच होतात.

प्राणी तपासायला रिसॉर्टने प्राणिशास्त्राचे एक निवृत्त प्राध्यापक बोलावले होते. त्यांचा फोन आला.

"छोट्याला दाढी कोणी लावली?"

"सर, मोठ्याला आहे म्हणून..."

"हे बाप-लेक नाहीत हो. दोन वेगळ्या जाती आहेत."

ग्रेटर कुडू खांद्यापर्यंत साधारण साडेचार फूट. गळ्याखाली लांब केस, अंगावर सहा ते दहा पांढरे पट्टे. लेसर कुडू सव्वातीन फूट. गळ्याखाली केस नाहीत. मानेवर दोन पांढरे डाग, अंगावर अकरा ते पंधरा पट्टे. शिंगांचा पीळ जवळपास सारखाच. त्यामुळे शिंगं वाचली.

शनिवारी रिसॉर्टवर शाळेची मुलं येणार होती. शुक्रवारी संध्याकाळपर्यंत दुरुस्ती झाली नाही तर पुढच्या बारा प्राण्यांचं काम दुसरीकडे जाईल, असं मॅनेजरने कळवलं. आम्ही सहा जण. हातात दुसरं काम नव्हतं.

रंगकाम जनाबाईंकडे असतं. त्या भिवपुरीहून येतात.

"दाढी काढायची? मग न्हावी बोलवा की दादा, मला कशाला!"

दाढी मी ग्राइंडरने कापली. पुट्टी भरली, घासली. शुक्रवारी सकाळी जनाबाईंनी सरांनी पाठवलेले फोटो बघून जुने आठ पट्टे बुजवले, नवे काढले, मानेवर दोन डाग दिले.

पाच वाजता सर स्वतः वर्कशॉपमध्ये आले. त्यांनी पट्टे मोजले.

"डावीकडे तेरा, उजवीकडे बारा. बाई, एक राहिला."

"राहिला नाय सर. तुमीच फोटू दिलं ना दोनी बाजूंचं? त्यात मोजा."

सरांनी मोबाइलवर फोटो मोठे करून मोजले. तेरा आणि बारा. त्यांनी डिलिव्हरी चलनावर सही केली.

सोमवारी बारा प्राण्यांची यादी आली. पहिल्या ओळीत आणखी दोन आफ्रिकन प्राणी होते : ब्लू वाइल्डबीस्ट एक, ब्लॅक वाइल्डबीस्ट एक. जनाबाईंनी रंगाचे डबे काढायच्या आत मी सरांना फोन लावला.