ताईने गाडी काढली नाही

शेवटच्या भेटीत सुमाताईने तब्येतीचं काही बोलूच दिलं नाही. वटार गावातल्या तिच्या घरात खिडकीजवळच्या खाटेवर उशीला टेकून बसली होती. डॉक्टरांनी घरी न्यायला सांगितलं होतं, म्हणजे काय ते सगळ्यांना कळलं होतं. आणि ही धाकट्या भावाला विचारतेय, "लायसन्स मिळालं ना? शेजारी कोण बसतं?" म्हटलं, कोणी नाही. "बरंय. सहा महिने कोणाला बसवू नकोस." मी मान डोलावली, पण आतून भडकलो. याच नियमापायी आमचे वडील, अप्पा, गेले, असं मी आठ वर्षं धरून बसलो होतो... आणि तिला ते ठाऊक होतं.

ताई गाडी शिकली तेव्हा नव्वदचं दशक संपत आलं होतं. भाऊजींची नोकरी मुंबईला, त्यामुळे त्यांनी हौसेने घेतलेली सेकंडहँड गाडी आठवडाभर अंगणात धूळ खायची. लायसन्स हातात पडलं त्या दिवशी ताईने पेढे वाटले आणि दुसऱ्या दिवशी ही बाई चक्क पायी निघाली! गाडीने जायचा तो रस्ता आधी चालून बघायचा, हा तिचा हट्ट. कुठल्या दारातून पोरं धावत येतात, कुठल्या वळणावर वाडीच्या भिंतीमुळे समोरचं दिसत नाही, कुठल्या बावखलाला, म्हणजे वाडीतल्या तळ्याला, कठडा नाही, सगळं बघून यायची. भाऊजी सांगायचे, गाडीत हिला काही विचारलं तर आधी बाजूला घेऊन थांबते, हँडब्रेक ओढते आणि मग उत्तर देते. त्यांच्याशिवाय कोणाला सहा महिने गाडीत प्रवेश नाही. सासूबाई ओट्यावरून म्हणायच्या, "सूनबाय, मला देवळात तरी सोड." "सहा महिन्यांनी सोडते, आई." "तवर मी राहीन का नाय, कोनाला ठावं!" आम्ही खूप हसायचो. टिंगल करण्यात मी सगळ्यांच्या पुढे.

तिसऱ्या महिन्यात अप्पा चार दिवस तिच्याकडे राहायला गेले होते. मीही रजा टाकून तिथेच. दुपारी जेवण झाल्यावर त्यांच्या छातीत कळ आली, अंग घामाने भिजलं. भाऊजी ऑफिसात. मला गाडीचा गंध नव्हता. मी ओरडलो, "ताई, गाडी काढ!" ती किल्ली घेऊन धावली, गाडीत बसलीसुद्धा, आणि क्षणभराने खाली उतरली. चेहरा पांढराफटक. "सुधीर, माझ्याने नाही होणार. मी अप्पांना घेऊन कुठेतरी आदळेन. रिक्षा आण, पळ!" मी नाक्यापर्यंत धावलो. रिक्षा मिळाली, पण हॉस्पिटल यायच्या आधी अप्पा माझ्या मांडीवर गेले. झटका फार मोठा होता, गाडीने आणलं असतं तरी फरक पडला नसता, असं डॉक्टर म्हणाले. मला ते ऐकूच आलं नाही. तेराव्याला सगळ्यांदेखत मी तिला भित्री म्हणालो. ती वाटीतली खीर ढवळत राहिली.

त्यानंतर भाऊबीज झाली, गणपती झाले, येणंजाणं झालं. फक्त त्या दुपारचा विषय कोणी काढला नाही. ताई पुढे चांगलीच तयार झाली. वाडीतल्या किती बायकांना तिने बाळंतपणासाठी वेळेत पोचवलं! लोक कौतुकाने सांगायचे आणि मी मनात म्हणायचो, यांना नेलंस, अप्पांना नाही.

ती गेली त्या सकाळी मनवेलपाड्याला माझ्या घरी तिच्या मुलाचा, नितीनचा फोन आला. "मामा, लगेच ये. आई कसातरीच श्वास घेतेय." माझी नवी गाडी खालीच उभी होती. मी बसलो, चालू केली, क्लच सोडला आणि गाडी उसळून पुढे गेली. दुधाची पिशवी घेऊन येणारे शेजारचे आजोबा भिंतीला चिकटले. बंपर त्यांच्यापासून हातभर अंतरावर थांबला. ते काहीतरी बोलत होते, मला कळत नव्हतं. मी गाडी तिथेच सोडली आणि पळत सुटलो. स्टेशनपर्यंत एक रिक्षा, मग पूल चढून पश्चिमेला दुसरी, आणि तिचा ड्रायव्हर वटारला यायला तयार होईना...

पोचलो तेव्हा ताई गेली होती. दहाच मिनिटं झाली होती. "शेवटी तुझं नाव घेत होती," नितीन म्हणाला. मग माझ्यामागे अंगणात माझी गाडी नाही हे त्याला दिसलं. "मामा, तू रिक्षाने आलास? घरात गाडी असून?" मी आजोबांचं सांगायला लागलो, पण शब्द जुळेनात. मग ताईच्या पायाशी बसलो आणि सगळ्यांसमोर म्हणालो, "चुकलो ग, ताई." लोकांना वाटलं, उशीर झाला म्हणून म्हणतोय.

याला आता दीड महिना होईल. दर रविवारी मी वटारला जातो. नितीन चहा देतो, कॉलेजचं सांगतो, वाडीतली केळी पिशवीत भरून देतो. त्या सकाळचा विषय मात्र काढत नाही. एवढंच की माझ्याकडे बघताना त्याची नजर किंचित बाजूला सरकते. ती नजर मला पुरती ओळखीची आहे. ताईने ती आठ वर्षं कशी सोसली, तेवढं मला तिला विचारायचं होतं.