मतदानाच्या दिवशी पडकई

"मॅडम, तुमच्याच आकड्यांवरून आपण पुढे आहोत. आणि शेवटच्या पानावर तुम्हीच लिहिलंय की सीट जाणार. आधी तुमचं तुम्ही काय ते ठरवा."

कुलदीप सरांनी रिपोर्ट टेबलावर ठेवला. ठेवला म्हणजे आपटलाच. मतदानाला नऊ दिवस राहिले होते. घोडेगावातल्या प्रचार कार्यालयात माणसांची ये-जा चालू होती. बाहेर टेम्पोवर उमेदवार ताईंच्या नावाचं गाणं वाजत होतं.

"ठरवलंय, सर," मी म्हणाले. "शेवटचं पान खरं आहे."

निवडणूक छोटी होती. जिल्हा परिषदेच्या आमच्या गटाचे आधीचे सदस्य निम्मी मुदत व्हायच्या आतच आजारपणामुळे पद सोडून गेले, म्हणून पोटनिवडणूक लागली. पण अशी मधेच आलेली निवडणूक म्हणजे पक्षाची चाचणी परीक्षा. लोक खूश आहेत का नाराज, ते सगळ्या तालुक्याला कळतं. आमच्या उमेदवार सुनंदाताई पहिल्यांदाच उभ्या होत्या. कुलदीप सर पुण्याहून आलेले प्रचारप्रमुख. हुशार माणूस, कामाला वाघ, फक्त डांबरी रस्ता संपला की त्यांची माहितीही संपायची.

माझा धंदा सर्व्हेचा. जुन्नरच्या डोंगरातल्या वाडीतली मी, आमच्या घरात दहावीच्या पुढे गेलेली पहिली. संख्याशास्त्रात बी.एस्सी. केलं, तेव्हा बापाने सगळ्या वाडीला गूळ वाटला होता. आज माझ्या हाताखाली पाच मुली काम करतात. हे मी मुद्दाम सांगते, कारण पुण्याच्या मीटिंगांमध्ये मला बराच काळ 'लोकल मॅडम' म्हणायचे.

सर्व्हे म्हणजे शितावरून भाताची परीक्षा. शीत म्हणजे सॅम्पल, निवडलेली घरं. पण भांडं नीट ढवळलेलं पाहिजे, नाहीतर वरचं शीत मऊ आणि तळाला करपलेलं, असं होतं. म्हणून आमच्यात बॅक-चेक असतो. मुलींनी भरून आणलेल्या फॉर्मांतले काही उचलायचे आणि मी स्वतः त्या घरी पुन्हा जायचं.

फॉर्म कुलदीप सरांनी बनवला होता. त्यात नाराजीचा प्रश्न होता आणि पुढे चौकटी: रस्ता, पाणी, लाईट, रेशन, शाळा, दवाखाना, काही नाही. कालव्याखालच्या बागायती गावांतले फॉर्म शिव्यांनी भरून आले. लाईटवर राग, शेतमालाच्या भावावर राग, आमदारावर राग. मला बरं वाटलं. शिव्या देणारा मतदार तुमच्याशी अजून बोलत असतो.

उंबरवाडीचे फॉर्म मात्र चकचकीत होते. डोंगरातलं गाव, भीमाशंकरच्या अंगाला. प्रत्येक घरात एकच खूण, 'काही नाही'. मत कोणाला? आपल्याच पक्षाला. मतदानाला जाणार का? जाणार. माझ्या धंद्यात इतका स्वच्छ फॉर्म दिसला की पहिला संशय येतो तो झाडाखालच्या फॉर्मचा. म्हणजे घरोघर न जाता सावलीत बसून भरलेला.

"मनीषा, खरं सांग. गेली होतीस का?"

"देवाशप्पथ ताई, घर न् घर केलंय. लई गोड माणसं. तीन ठिकाणी चहा घेतला." मनीषा माझ्याकडे चार वर्षं आहे. ती खोटं बोलत नाही. म्हणजे खोटं दुसरीकडे होतं.

मी दुसऱ्या दिवशी सकाळच्या एस.टी.ने उंबरवाडीला गेले.

पहिलं घर धोंडूबाबांचं. पक्षाचा या भागातला सगळ्यात जुना कार्यकर्ता. पक्षाचं चिन्ह लोकांना माहीतसुद्धा नव्हतं, तेव्हापासून हा माणूस वाड्यावाड्यांत पायी फिरलेला. बाबा ओट्यावर पहारीचं टोक दगडावर घासत बसले होते. सून हौसाबाई सुपात नाचणी पाखडत होती.

"बाबा, पक्षावर काही नाराजी?"

"नाराजी कशाची? सगळं बरं हाय."

"रस्ता?"

"हाय की."

"पाणी?"

"टँकर येतो. आला तर येतो."

"मग मत?"

"आमचं मत कवा बदललंय का, पोरी? लिव्ह तुझं."

मी लिहिलं. मनीषाचाच फॉर्म पुन्हा माझ्या हाताने भरला गेला. मी उठले, चपला घातल्या आणि जाता जाता सवयीने हौसाबाईला विचारलं. सर्व्हे म्हणून नाही. आमच्याकडे उन्हाळ्यात बाया भेटल्या की हेच विचारतात.

"वहिनी, औंदा पडकई कुणाकडं?"

"आमच्याकडंच की. वरच्या अंगाचं खाचर करायचं हाय."

"कधी?"

हौसाबाईने बाबांकडे बघितलं. बाबा पहार घासत राहिले. मग ती हळूच म्हणाली, "मतदानाच्या दिशी."

मी चपला काढल्या आणि परत ओट्यावर बसले.

पडकई म्हणजे काय, ते खालच्या गावातल्यांना सांगावं लागेल. डोंगराच्या उतारावर भात लावायचं तर जमीन सपाट करावी लागते. दगडांचा बांध घालायचा, माती ओढायची, खाचर बनवायचं. एका घराचं हे काम नाही. म्हणून उन्हाळ्यात सगळी वाडी मिळून आज एकाच्या शेतात राबते, उद्या दुसऱ्याच्या. मजुरी नाही, ज्याचं शेत त्याने जेवण घालायचं. माझ्या बापाने असे कितीतरी बांध घातलेत. पडकईचा दिवस वाडी बसून ठरवते आणि ठरला की घरटी माणूस येतोच. न येणाऱ्याच्या शेतात मग कोणी येत नाही.

आणि मतदानाच्या दिवशी पडकई कोणी धरत नाही. माझ्या आठवणीत कधीच नाही. त्या दिवशी माणसं धुतलेले कपडे घालतात आणि शाळेपुढे सकाळपासून रांग लावतात. इथे सगळ्या वाडीने मिळून तोच दिवस धरला होता, आणि तोही पक्षाच्या सगळ्यात जुन्या माणसाच्या शेतात.

"बाबा," मी म्हणाले, "मीबी डोंगरातली हाये. फॉर्म पिशवीत टाकलाय. आता सांगा."

बाबांनी पहार भिंतीला टेकवली.

"प्रचाराचा नारळ कुणी वाढवला, ठावं हाय का तुला?"

मला ठाऊक होतं. बापूसाहेबांनी. बापूसाहेब म्हणजे खालच्या गावातले वजनदार पुढारी. आयुष्यभर विरोधात होते, तीन महिन्यांपूर्वी पक्षात आले. उंबरवाडीच्या भैरवनाथापुढे प्रचाराचा पहिला नारळ फोडायचा, ही या गटातली जुनी रीत. आणि तो धोंडूबाबांच्या हातून. यंदा कुलदीप सरांनी तो मान नव्या पाहुण्याला दिला.

"मानाचं जाऊ दे," बाबा म्हणाले. "हात थकला, उद्या कुणी तरी दुसरा वाढवनारच. पन आमी वनजमिनीच्या दाव्यासाठी तहसीलवर बसलो व्हतो, तवा ह्या बापूनं स्टेजवरून आमाला जंगलचोर म्हनलं. माझ्यासमोर. त्याच हातानं आमच्या देवापुढं नारळ? आनि वर ह्यो कागद वाटतोय."

त्यांनी खिशातून पक्षाची पुस्तिका काढली. कुलदीप सरांनी छापलेली, गुळगुळीत कागदाची. नाव, 'आमचा विचार'. पहिल्याच पानावर वाक्य होतं: जमीन कसणाऱ्याचीच.

"वाक्य आमचंच हाय," बाबा म्हणाले. "त्याच्या हातात बघवंना."

"मग दुसऱ्या पक्षाला मत देणार?"

"ह्या! त्यास्नी कशापायी? घर सोडून जाऊ का काय आमी? त्या दिशी काम हाय, एवढंच."

त्या दिवशी मी आणखी दोन वाड्या केल्या. फॉर्म काढलाच नाही. एवढंच विचारलं, पडकई कधी? दोन्हीकडे तीच तारीख.

तर शेवटचं पान हे असं लिहिलं होतं. कुलदीप सरांना मी हे सगळं सांगितलं. ते हसले.

"मॅडम, नारळ? सीट नारळावर जाणार?"

"सर, तुमच्या फॉर्ममध्ये सात चौकटी आहेत. ह्याची चौकट नव्हती. म्हणून त्यांनी 'काही नाही'वर खूण केली."

"ओके. पण मत आपलंच आहे ना? ते म्हणतायत ना जाणार म्हणून?"

"घरी आलेल्या माणसाला कोण तोंडावर नाही म्हणतं?"

"मग गाड्या पाठवू. चार जीप. आणून मतदान करून घेऊ."

"जीप रिकाम्या येतील."

"तुम्ही फार निगेटिव्ह आहात, मॅडम. हे शेवटचं पान काढा. वरिष्ठांकडे रिपोर्ट पाठवायचाय. कार्यकर्त्यांचं मनोबल खचेल."

"पान काढायचं तर पहिल्या पानावरचं माझं नावही काढा. मग रिपोर्ट तुमचा. तुम्ही सही करा."

सरांनी पेन उचललं नाही.

तेवढ्यात सुनंदाताई आत आल्या. गावोगाव फिरून आवाज बसलेला. दारातून त्यांनी शेवटचं ऐकलं असावं. म्हणाल्या, "सुरेखा, मला सांग." मी दुसऱ्यांदा सगळं सांगितलं. त्या ऐकत होत्या आणि हळूहळू खुर्चीच्या कडेला येत होत्या.

"ताई, सोपंय," कुलदीप सर म्हणाले. "पुन्हा नारळ फोडू. बाबांच्या हातून. व्हिडिओ काढू, व्हायरल करू."

"देवापुढं एका कामाचा नारळ दोनदा वाढवतात का, सर?" ताईंनी विचारलं. मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "मी काय करू गं?"

"ताई, मी दुखतं कुठं ते सांगते. औषधाची डिग्री माझ्याकडे नाही. पण एवढं सांगते, त्यांना तुमचा विचार समजावून सांगायला जाऊ नका. तो त्यांच्याकडे तुमच्या आधीपासून आहे."

ताई दुसऱ्याच दिवशी उंबरवाडीला गेल्या. एकट्या, कॅमेरा नाही, बापूसाहेब नाहीत. बाबांनी त्यांना चहा दिला आणि एकच गोष्ट मागितली. बापूने ज्या तोंडाने स्टेजवरून म्हटलं, त्याच तोंडाने स्टेजवरून ते मागे घ्यावं. ताईंनी बापूसाहेबांना निरोप दिला. बापूसाहेब म्हणाले, "मी माझी गावं घेऊन आलोय. आता तुमच्या वाडीपुढं कान पकडू का?" कुलदीप सरांनी हिशोब मांडला. बापूसाहेबांची गावं मोठी, वाड्या लहान. ताईंचं मन वाडीकडे होतं, ते मला त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होतं. पण पहिलीच निवडणूक. हिशोबावर विश्वास ठेवणं सोपं असतं. त्यांनी बापूसाहेबांना पुन्हा विचारलं नाही.

मतदानाच्या दिवशी मी डोंगराकडे गेले. प्रत्येक बूथवर किती मतदान झालं, त्याची नोंद ठेवणं हाही आमच्या कामाचा भाग. याला टर्नआउट म्हणतात. उंबरवाडीच्या शाळेपुढे रांग नव्हती. मतदान केंद्रावरचे शिक्षक दारात उभं राहून वारा घेत होते. पक्षाच्या जीप आल्या, थांबल्या, हॉर्न वाजवला आणि रिकाम्या गेल्या.

मी वर चढले. सगळी वाडी उतारावर होती. बाया घमेल्यांनी माती टाकत होत्या, माणसं दगड रचत होती. जेवणाची पातेली आंब्याखाली. मधोमध धोंडूबाबा पहार घेऊन बांधाचा दगड हलवत होते. त्यांनी हात वर करून मला बोलावलं. जवळ गेले आणि बघितलं, तर त्यांच्या बोटाला शाई होती. मातीने भरलेल्या बोटावर काळी रेघ.

"बाबा, तुम्ही दिलं मत?"

"सातला गेलो. पयला मीच. माझं मत मी कवा चुकवलं न्हाई, ह्या वयात काय चुकवू?"

"मग वाडीला का नाही सांगितलं?"

बाबांनी पहारीवर दोन्ही हात ठेवले.

"आजवर वाडीला मी म्हनायचो, चला, आपला पक्ष हाय. औंदा म्हनायला तोंड न्हाई ऱ्हायलं." मग हसून म्हणाले, "आलीयास तर एक घमेलं उचल. सुशिक्षित मानसाची मातीबी लागते बांधाला."

मी उचललं. जेवूनच खाली उतरले.

ताई हरल्या. ज्या फरकाने हरल्या, त्याहून जास्त मतं त्या तीन वाड्यांत पडायची राहिली होती. विरोधकांना डोंगरात नेहमीइतकीच मतं मिळाली, एकही जास्त नाही. बापूसाहेबांच्या गावांनी भरभरून दिलं, हेही खरं. कुलदीप सरांचा हिशोब चुकला नव्हता. त्यांनी वाडी धरलीच नव्हती.

निकालानंतर महिनाभराने सरांचा फोन आला. दुसऱ्या तालुक्याचं काम होतं. माझं शेवटचं पान त्यांनी वरिष्ठांना पाठवलं होतं, नंतर का होईना. "मॅडम, तो पडकईवाला प्रश्न आपण फॉर्ममध्ये घेऊ. नाव काय द्यायचं?"

"नाव नको, सर. नुसतं विचारायचं, मतदानाच्या दिवशी तुमच्याकडे काय काम आहे?"

आता तो प्रश्न माझ्या प्रत्येक फॉर्मवर असतो, सगळ्यात शेवटी आणि पुढे चौकट नसलेला. मुलींना मी एवढंच शिकवते. शिव्या देणाऱ्याचं लिहून घ्या, तो रांगेत येईल. सगळं बरं आहे म्हणणाऱ्याच्या ओट्यावर मात्र चपला काढून बसा.