स्टेशनला थांबलेल्या रेषा

नकाशा समोर आला की जिज्ञासाचं भान हरपायचं. बस कुठून कुठे सोडावी हे ठरवणाऱ्या ऑफिसात ती नोकरीला होती. माणशी एक रेष, घरापासून तो जातो तिथवर. रेषा वाढल्या की नकाशातून ओहोळ वाहताहेत असं तिला वाटे, आणि या बाईसाहेब त्यात तरंगत बसत. समोर चहा गार होऊन जाई.

तिच्याच गावच्या, सोनिवलीच्या पाहणीत मात्र सगळे ओहोळ एकाच जागी मिळाले. "कुठं जाता?" विचारलं की झाडून सगळे म्हणत, "स्टेशनला." साहेब दौलतराव खूश! सोनिवली ते बदलापूर स्टेशन, छोटीशी बस, काम फत्ते. सोमवारी मंजुरी.

रविवारी रात्री तिने कौतुकाने आईला नकाशा दाखवला. "ही बघ, तुझी रेष."

"मी तं कॅम्प तीनला जाते," वेणूबाई म्हणाल्या.

"मग स्टेशन का सांगितलंस?"

"रिक्षा तितवरच जाते ना? पुढचा कोनी इचारलाच नाय."

आई कित्येक वर्षं अंबरनाथपुढच्या कॅम्प तीनच्या कारखान्यात जीन्सचे धागे कापत होती. आधी शेअर रिक्षा, मग लोकल गाडी, मग पुन्हा रिक्षा; परतायला रोज अंधार, रविवारीसुद्धा. हे लेकीला लहानपणापासून ठाऊक होतं, आणि तरीही आईच्या नावापुढे 'स्टेशन' तिनेच लिहिलं होतं. शेअर रिक्षा संपते तिथेच जायचं असतं, असं गावात सगळेच बोलतात. तीही तसंच बोलत मोठी झाली होती. तिला स्वतःची फार लाज वाटली.

सोमवारी ती म्हणाली, "साहेब, नकाशा चुकलाय. मंजुरी थांबवा."

"अहो, आज? डोकं ठिकाणावर आहे का?" दौलतराव उखडले. एरवी तिने मान खाली घातली असती. त्या दिवशी नाही घातली.

पाहणी पुन्हा झाली. या वेळी प्रश्न होता, "कामाला कुठं जाता?" रेषा स्टेशन सोडून निघाल्या, अंबरनाथ ओलांडून कॅम्प तीनच्या गल्ल्यांत शिरल्या. जिज्ञासा कितीतरी वेळ नुसती बघत राहिली.

उन्हाळ्यात थेट बस सुरू झाली. पहिल्या दिवशी ती मुद्दाम सुट्टी घेऊन घरी थांबली. वेणूबाई दिवसाउजेडी घरी आल्या आणि दारातच घुटमळल्या. या वेळेचं काय करायचं, त्यांना सुचेना. पर्स खांद्यालाच ठेवून त्या गॅलरीत बसल्या. ऊन पार आतल्या भिंतीपर्यंत पसरलं होतं.

"आपले घरान एवरा ऊन येतंय?"

"रोज येतं, आई."

"रोज?" वेणूबाई म्हणाल्या, आणि दोन्ही हात उन्हात धरून बसून राहिल्या.