उसना रवंथ

सुभद्राकाकी परब कुणकेश्वरच्या अलीकडे, वाडीच्या शेवटच्या घरात राहायची. घरात ती आणि चांदी नावाची गाय. चांदी दूध बेताचेच द्यायची, पण तिच्या तोंडातला रवंथ सगळी वाडी उसना नेत असे. एखाद्या जनावराने रवंथ करणे सोडले की काकीला बोलावणे यायचे. काकी चांदीच्या तोंडात हात घालून चघळता घास काढायची आणि आजारी जनावराच्या घशात सारायची. मोबदला एकच : जनावर बरे झाल्यावर हिरव्या गवताची पेंढी, आणि तीही चांदीला.

हे मला १९६१ साली कळले. स्टॉकमनचा, म्हणजे गुरांच्या डॉक्टरच्या मदतनिसाचा, कोर्स पुरा करून मी नुकताच तिकडे रुजू झालो होतो आणि मला सगळे येत होते.

त्या मे महिन्यात मिंगेल फर्नांडिसच्या मुलीचे, सेलेस्तीनचे लग्न झाले. उरलेला दोन टोपल्या भात मिंगेलच्या बैलाने, पवळ्याने, एका बैठकीत संपवला. भात पोटात भराभर आंबतो आणि गवत पचवणारे सूक्ष्म जीव त्या आंबटपणात मरतात, हे मला पाठ होते. तरी बैलाला लागलेली हगवण पाहून मी जंतू मारणाऱ्या सल्फाच्या गोळ्या दिल्या. हगवण थांबली. उरलेसुरले जीवही थांबले. चार दिवस पवळ्याने गवताला तोंड लावले नाही. नांगरणी पंधरा दिवसांवर आलेली, आणि मिंगेलकडे बैलांची एकच जोडी.

मिंगेलची बायको तेरेझा गोठ्याच्या दारातून म्हणाली, "डॉक्टरानु, तुमच्या गोळयेन हगवण बरी झाली. आता बैल तेवढो मरतलो."

मी डॉक्टर नव्हतो, पण ते सांगायची ही वेळ नव्हती.

मिंगेलने काकीला बोलावले. काकी चांदीला ओढत घेऊन आली.

"गाय कशाला आणली?" मी विचारले. "घास डब्यातून आणता आला असता."

"वारो लागता रे. वारो लागलो की घास मरता."

जनावराच्या पोटात गवत आंबताना हायड्रोजन सुटतो. काही जीव त्याचा मिथेन वायू करतात आणि जनावर तो ढेकरांवाटे बाहेर टाकते. या जीवांना हवेतला प्राणवायू सोसत नाही. परीक्षेत हा प्रश्न मला आला होता आणि पूर्ण गुण मिळाले होते.

मिंगेल बैलाचे तोंड धरून उभा राहिला. "काके, तुझी गाय हिंदू, माझो बैल किरिस्तांव. सोसात मां?"

"तुझ्या चेडवाच्या लग्नातलो भात सोसलो नाय, ता बघ आधी."

तीन घास आत गेले. दुसऱ्या दिवशी सकाळ-संध्याकाळ पुन्हा तेवढेच. मग काकी पवळ्याच्या डाव्या कुशीला कान लावून बसली. तिसऱ्या दिवशी दुपारी आम्ही चार माणसे एका बैलाच्या तोंडाकडे पाहत असताना त्याने ढेकर दिला.

"इलो," काकी म्हणाली. "वास बघ, गवताचो."

मिथेनला वास नसतो, हे मी तिला सांगितले.

"मगे माका येता तो कसलो?"

संध्याकाळी पवळ्या रवंथ करू लागला. जूनमध्ये तो जोताला लागला आणि मिंगेलने पेंढी पोचवली.

दोन वर्षांनी चांदीने कोणाच्या तरी बागेमागचा सडक्या आंब्यांचा ढीग खाल्ला आणि रवंथ सोडला. चांदीला द्यायला चांदी नव्हती. मी सायकलवरून उतरलो तेव्हा काकी गोठ्याच्या दारात उभी होती.

"तुझी पिशवी सायकलीकच रवांदे," ती म्हणाली. "मिंगेलाक सांग, पवळ्याक घेवन ये."

मी मिंगेलला आणि पवळ्याला घेऊन आलो. काकीने पवळ्याच्या तोंडात हात घातला.

"काके, जपून," मिंगेल म्हणाला. "तो माझो बैल."

"बैल तुझो. घास माझो. परत घेतंय."

तीन दिवस ती चांदीपाशी बसून होती. जेवणही तिथेच. तिसऱ्या दिवशी तिने मला जवळ बोलावले. मी गेलो, तेवढ्यात चांदीने माझ्या तोंडावर ढेकर दिला.

"इलो वास?" काकीने विचारले.

"इलो," मी म्हणालो.

काकी उठली, कोयती घेतली आणि पवळ्यासाठी पेंढी कापायला गेली.