जपूनच्या ट्रकची टाकी

त्याला सगळे ‘जपून’ म्हणत. हमालाने खोकं उचललं, की हा म्हणे, जपून. कुणी शिडीवर चढलं, जपून. एकदा खुर्चीत झोपलेल्या वॉचमनला उठवून त्याने सांगितलं होतं, जपून झोप, मान अवघडेल. पण चेष्टा करणाऱ्यांनाही एक मान्य करावं लागे, इतकी वर्षं गोदामाचा ट्रक चालवूनही त्याच्या हातून ट्रकवर कधी ओरखडा उमटला नव्हता.

ट्रक मात्र म्हातारपणी हट्टाला पेटला. चालताना ठणठणीत. ब्रेक दाबून थांबायला जावं, तर दोन आचके आणि इंजिन गप्प. जरा वेळ गेला की पुन्हा सुरू, जसं काही झालंच नाही.

म्हणून जपूनने थांबणंच सोडलं. चौक दिसला की तो लांबूनच रेंगाळत येई. बायको डबा घेऊन रस्त्याच्या कडेला उभी राही आणि तो चालत्या ट्रकमधून हात लांब करून डबा घेई. एक दिवस नुसतं झाकण हाती आलं. डबा बायकोकडेच राहिला.

मालकाच्या कानावर हे गेलं. तो म्हणाला, “उद्या संध्याकाळी भंगारवाला येतोय. माझ्यासमोर ब्रेक मारून थांबव. इंजिन चालू राहिलं तर ट्रक तुझा. बंद पडलं तर ट्रक त्याचा, आणि तू गोदामात खुर्चीवर.”

खुर्ची जपूनला नको होती. उभ्या जन्मात तो एकाच सीटवर बसला होता.

त्याने सकाळीच मेव्हण्याचं गॅरेज गाठलं. मेव्हणा मेकॅनिक बरा, पण तोंडाचा फाटका.

“दाजी, तुम्ही जपून ब्रेक मारता, म्हणून इंजिनाला झोप लागत असेल.”

“दात काढू नकोस. काम कर.”

त्याने काम केलं, अगदी जीव लावून. डिझेलचा फिल्टर बदलला. पाइपातली हवा काढली. उभ्या ट्रकची रेस वाढवून बघितली. जागेवर उभं असलेलं इंजिन तासभर एका सुरात चाललं. रस्त्यावर नेऊन ब्रेक मारला, की गप्प. दुपारपर्यंत मेव्हण्याचे हात कोपरापर्यंत काळे झाले आणि थट्टा संपली.

बायको डबा घेऊन आली. गॅरेजच्या नळाला पाणी नव्हतं, म्हणून पाण्याची बादलीही आणली. तिघं पुन्हा फेरी मारायला निघाले. गॅरेजात कुणी लवंडेल म्हणून बादली तिच्या मांडीवर.

“जपून धर,” जपून म्हणाला आणि त्याने ब्रेक मारला.

अर्धी बादली तिच्या पायांवर. इंजिन गप्प.

“अहो, मी धरली होती जपून! पाणी पुढे धावलं त्याला मी काय करू?”

मेव्हणा तिच्या ओल्या साडीकडे बघत राहिला. मग एकदम म्हणाला, “ताई, टाकीतलं डिझेलही असंच पुढे धावत असणार. आणि त्याच्याबरोबर आणखी काही धावलं तर? इंजिनाकडे जाणाऱ्या पाइपाचं तोंड टाकीत पुढच्याच बाजूला आहे, तेच बुजेल.”

“टाकीत काही जाणं शक्य नाही,” जपून ठणकावून म्हणाला. “झाकण ढिलं आहे, म्हणून मी त्याच्याखाली कापडाचा बोळा लावतो. धुळीचा कणही जात नाही.”

मेव्हण्याने झाकण काढलं. खाली बोळा नव्हता.

“बोळा कुठे आहे, दाजी?”

“वाऱ्याने उडतो. मी दुसरा लावतो.”

“झाकणाखालून? वाऱ्याने?”

मेव्हण्याने तारेचा आकडा केला आणि टाकीत सोडला. पहिल्यांदा शर्टाची बाही आली. मग अर्धी उशीची खोळ. मग फुलाफुलांचं काहीतरी.

“माझा परकर!” बायको ओरडली. “मी शेजारणीवर आळ घेतला! वर्षभर बोलत नाही मी तिच्याशी!”

“जपून बोल, लोक बघतायत,” जपून पुटपुटला.

शेवटी टॉवेल निघाला, तेव्हा मेव्हणा जमिनीवर बसून पोट धरून हसत होता. चिंध्यांनी बादली भरली.

संध्याकाळी भंगारवाला ट्रकभोवती फिरून टायरांवर लाथा मारत होता. जपूनने एक चक्कर मारली, वेगात आला आणि मालकाच्या पुढ्यात ब्रेक दाबला. ट्रक थांबला. इंजिन धडधडत राहिलं. तो स्टिअरिंगला धरून तसाच बसून राहिला, अगदी भंगारवाला कंटाळून निघून जाईपर्यंत.

“काय होतं रे?” मालकाने विचारलं.

मेव्हण्याने एकवार दाजीकडे बघितलं, एकवार बहिणीकडे. बहीण बादलीवर पदर पसरून उभी होती.

“टाकीत कचरा गेला होता,” तो म्हणाला.

“बघा!” जपून खिडकीतून अर्धा बाहेर आला. “म्हणून मी सांगतो, झाकणाखाली नेहमी एक कापडाचा—”

“अहो,” बायको म्हणाली, “जपून.”